दर पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानफुलं : उपटायची की ठेवायची?

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. घराभोवती थोडी मोकळी जागा आहे, किंवा मुळशी, भोर, वेल्ह्याकडे घेऊन ठेवलेला प्लॉट आहे. मे महिन्यात माणसं लावून, नाहीतर जेसीबी फिरवून, जागा खरवडून स्वच्छ केली. मृगाचे दोन पाऊस झाले आणि पंधरवड्यात सगळं हिरवंगार. आषाढात गुडघाभर. त्यातली काही फुलं देखणी निघतात, ठेवावीशी वाटतात, पण कोणतं काय ते उमजत नाही. मग गणपतीला पाहुणे यायचे असतात, माळीदादा विचारतात, "ताई, रान लई माजलंय, साफ करून टाकू का सगळं?" आणि आपण हो म्हणतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फक्त फुलं कमी आणि गाजरगवत जास्त.

पुढचं सगळं मुख्यतः पुणे-सातारा पट्टा आणि घाटमाथा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कोकणात बरंचसं तसंच लागू पडेल. मराठवाडा-विदर्भात झाडं बदलतील, तरवड, सराटा, पिवळा धोत्रा जास्त दिसतील, पण पद्धत तीच. आणि हे शेतासाठी नाही. 'तण खाई धन' हे शेतात खरंच आहे. तिथे वाचवायचं पीक ठरलेलं असतं, बाकी सगळं त्याच्या ताटातलं खातं. अंगणात मुळात पीकच नसतं, त्यामुळे तण कशाला म्हणायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

दरवर्षी तेच का होतं

याचं कारण झाडांपेक्षा आपल्या वेळापत्रकात जास्त आहे.

तेरडा, कुर्डू, तुंबा यांसारखी पावसाळी झाडं मुख्यतः पहिल्या पावसांवर उगवतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात, बी टाकतात आणि पाऊस सरला की वाळून जातात. वर्षातून एकच संधी. गाजरगवताचं तसं नाही. माती ओली आणि उघडी मिळाली की ते केव्हाही उगवतं, जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये, गळक्या नळाखाली मार्चमध्येसुद्धा. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं.

आता आपण काय करतो ते बघा. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये सरसकट सगळं काढतो. तेरड्याचं त्या वर्षीचं पूर्ण पीक बी धरायच्या आत गेलं. गाजरगवताच्या पहिल्या फळीने मात्र तोवर बी सांडलेलं असतं, आणि आपण जी माती उघडी केली तिच्यात दुसरी फळी लगेच उठते. खोदल्याने खाली गाडलेलं जुनं बी वर येतं, त्याला उजेड मिळतो, तेही रुजतं. असं तीन-चार वर्षं केलं की त्या जागेत कोण उरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

भरावाची माती, मुरूम आणि बाहेरून आणलेलं शेणखत हेही तपासा. प्लॉटवर गाजरगवत नव्हतं आणि अचानक आलं असेल, तर ते बहुतेक यांतल्याच कशातून तरी आलेलं असतं. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर त्यातलं बी जिवंत राहतं.

म्हणजे 'काढू की ठेवू' या प्रश्नाचं उत्तर चुकण्यापेक्षा तो प्रश्न चुकीच्या महिन्यात विचारला जाणं हा मोठा घोटाळा आहे.

जूनमध्ये हात आवरा, पण एक अपवाद

पहिल्या पावसानंतर रोपांना चार-सहा खरी पानं येईपर्यंत थांबा. खरी पानं म्हणजे बीमधून निघालेल्या पहिल्या दोन जाड दलांनंतर येणारी. त्याआधी ओळख पटवणं जाणकारांनाही जड जातं. जागा मोठी असेल तर चार-पाच ठिकाणी मीटरभराचे चौकोन सुतळीने आखून ठेवा आणि त्यांना पावसाळाभर अजिबात हात लावू नका. बाकी जागेत काय करायचं ते करा. त्या चौकोनांत काय उगवलं, कधी फुललं, त्यावर कोण आलं, याचे दर आठवड्याला एकाच कोनातून फोटो काढा. एका मोसमात तुमच्या जागेची यादी तयार होते, आणि ती कुठल्याही पुस्तकातल्या यादीपेक्षा कामाची असते. ठेवायच्या रोपाशेजारी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा. माळीदादांना तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही, चिंधी टिकते.

अपवाद गाजरगवताचा. ते रोपावस्थेतच ओळखता येतं आणि तेव्हाच काढायचं असतं.

रोपं ओळखायची कशी

गाजरगवताचं रोप सुरुवातीला उभं वाढत नाही. पानं जमिनीलगत चक्राकार पसरतात, फिकट हिरवी, खोल कातरलेली, हाताला किंचित लवदार. मधून खोड निघतं ते नंतर. फुलं पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी. नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या कडेला पाच बारीक कोपरे दिसतात. पुण्यात ते १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते आलं असं मानलं जातं, काँग्रेस गवत हे नाव त्याच काळातलं.

याच्याशी हमखास गल्लत होते ती कॉसमॉस आणि झेंडूची. तिघांचीही पानं कातरलेली. फरक असा: कॉसमॉस सुरुवातीपासून सरळ उभा वाढतो आणि त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात. झेंडूचं पान चुरगळलं की वास स्वतःच नाव सांगतो. गाजरगवत मात्र चुरगळून पाहू नका. अनेकांच्या कातडीला ते बाधतं, पुरळ उठतं, परागामुळे दमा आणि सर्दी बळावते. उपटतानाही हातमोजे आणि पूर्ण बाह्या. घरात कुणाला आधीच त्रास असेल तर त्या माणसाने या कामाला हात लावू नये.

तेरड्याचं रोप ओळखायला सोपं. खोड रसरशीत, जवळजवळ आरपार दिसणारं, बुंध्याशी लालसर. पानं लांबट आणि कडेला करवतीसारखे दाते. उपटलं तर बोटभर मुळासकट अलगद हातात येतं. टाकळ्याला एका पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद होत गेलेल्या, संध्याकाळ झाली की मिटतात. चोळल्यावर उग्र वास. टाकळ्यासारखंच दिसणारं, पण खोडा-पानांवर तपकिरी लव असलेलं आणि आखूड, खाचा पडलेल्या शेंगांचे झुबके धरणारं झाड दिसलं तर ते टाकळ्याचं अमेरिकेतून आलेलं भावंड आहे. ते वेगळं काढा.

केन्याचं फूल निळं, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. या केन्याची एक गंमत फार कमी जणांना माहीत असते. त्याला जमिनीच्या वर फुलं येतातच, शिवाय मातीच्या आत पांढुरक्या फांद्यांवर न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच बी तयार होतं. वरून कितीही कापा, खाली बियांची सोय झालेली असते. शिवाय तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पेरापासून मूळ धरतो. केना नको असेल तर माती भिजलेली असताना हाताने मुळासकट काढा आणि काढलेला तिथेच टाकू नका.

ठरवायचं कशावर

देशी की परदेशी, हा पहिला प्रश्न खरा, पण त्यावर सगळा न्याय करता येत नाही. टाकळा आणि कुर्डू मुळचे कुठले, यावर वनस्पतीशास्त्रज्ञांतच एकमत नाही. पण आपल्या पावसाळी भाज्यांत दोघेही मुरलेले आहेत आणि त्यांच्यावर कीटक येतात. उलट आघाडा इथलाच, तरी वाटेवर वाढला तर रोज संध्याकाळी धोतर-सलवारीला चिकटलेली त्याची कुसळं काढत बसावं लागतं.

मी स्वतः अशा झाडाकडे पाहताना आधी ते पसरतं कसं हे बघते. नुसत्या बीने पसरणारं आणि वर्षात मरणारं झाड तुमच्या ताब्यात राहतं, फुलं पाहून बी पडायच्या आत काढलं की झालं. जमिनीखालून गाठींनी, धुमाऱ्यांनी पसरणाऱ्याशी असा करार करता येत नाही. मग ते कुणाची जागा खातं ते बघते. मोकळ्या जागेत चार झाडांत पाचवं म्हणून उभं आहे, की खाली गवताची काडीही उगवू देत नाही? घाणेरी, रानमोडी, रानतुळस यांच्याखाली वाकून पाहा, उघडी माती किंवा त्यांचीच पिल्लं दिसतील. तिसरी गोष्ट, त्यावर कुणी येतं का? सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन पडल्यावर, पाच मिनिटं शांत उभं राहून बघा. पानं खाल्लेली दिसणं ही चांगली खूण आहे, ते झाड कुणाचं तरी जेवण आहे.

उदाहरणार्थ रुई. कुंपणाशी उगवलेली रुई उपटायच्या आधी पानं उलटी करून बघा. पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. टाकळ्यावर ग्रास यलो आणि एमिग्रंट जातीची पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. घोळीवर एगफ्लाय. तेरड्यावर हॉक मॉथच्या जाड, शेपटीकडे शिंग असलेल्या अळ्या येतात. त्यांना घाबरून औषध मारू नका, दोन-चार झाडं खातील आणि जातील. खुळखुळ्याच्या जातींवर टायगर फुलपाखरांचे नर गर्दी करतात, मादीसाठी लागणारा गंध तयार करायला त्यांना त्यातली रसायनं हवी असतात.

आणि एकदा गणपतीच्या पत्रीची यादी काढून बघा: माका, आघाडा, धोत्रा, रुई, डोरली, विष्णुक्रांता, दूर्वा. श्रावणात माळ्याला पैसे देऊन जे उपटून फेकतो, तेच भाद्रपदात मंडईत पैसे देऊन जुडीने विकत आणतो.

"तेरड्याने सगळी जागा खाल्ली"

सर्वांत जास्त येणारी तक्रार. तेरडा इथलाच, फुलं गुलाबी-जांभळी, पण एकदा जमला की दाटी करतो. शेंग पिकली की स्पर्शाने फुटते आणि बी दूरवर उडतं, म्हणून दरवर्षी घेर वाढत जातो.

सगळा काढायची गरज नाही. जूनअखेर विरळणी करा, दोन रोपांत वीतभर ते हातभर अंतर ठेवा. दाटीतला तेरडा काटकुळा आणि उंच होतो, वाऱ्या-पावसात आडवा पडतो. मोकळा वाढलेला फांद्या धरतो आणि फुलतोही जास्त. दुसरी संधी गौरींच्या वेळी येते. कोकणात बऱ्याच घरी तेरड्याचीच गौर मुळासकट उपटून आणतात. आसपासच्यांना सांगून ठेवा, आपसूक विरळणी होते. तिसरं, शेंगा फुगायला लागल्या की वाटेच्या कडेचा आणि वाफ्यांच्या जवळचा तेरडा काढून टाका, मागचा पट्टा बी टाकू दे. दरवर्षी घेर कुठवर जाऊ द्यायचा ते असं तुम्हीच ठरवता.

"टाकळा माजलाय"

माजू दे, निदान पहिली दोन-तीन वर्षं. प्लॉटवर गाजरगवत असेल तर टाकळा हा तुमचा सगळ्यात स्वस्त मजूर आहे. दाट टाकळ्यात गाजरगवताची रोपं दबतात. म्हणूनच गाजरगवताच्या जागी पावसाआधी टाकळ्याचं बी टाकायचा सल्ला कृषी खात्याची माणसंही देतात. कोवळ्या पानांची भाजी होते, लसूण-मिरचीवर परतून, वर ओलं खोबरं. नको तेवढा झाला की सप्टेंबरात शेंगा हिरव्या असतानाच कापा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा.

गाजरगवत स्वतः उपटायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, मुळासकट आणि फुलाच्या आधी. गुडघ्याशी कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं आणि आता ते बुटकं राहून फुलतं, म्हणजे नजरेतूनही सुटतं. फुलाआधी काढलेलं कंपोस्टमध्ये चालतं. फुलं-बी धरलेलं नको. पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, तपकिरी नागमोडी पट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना राहू द्या. हे मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले भुंगे आहेत, १९८०च्या दशकात भारतात सोडलेले, आणि ते गाजरगवताची पानं फस्त करतात. त्यांच्या भरवशावर बसू मात्र नका, त्यांचा जोर पावसाळ्यापुरता.

तणनाशकाबद्दल विचारणा होतेच. माझं मत स्पष्ट आहे: घराभोवती नको. ग्लायफोसेट सगळंच मारतं, गाजरगवताशेजारचा तेरडा आणि तुंबाही, आणि मग उरते उघडी माती, म्हणजे मूळ दुखण्याचंच आमंत्रण. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. मिठाचं पाणी मारायचा घरगुती उपाय त्याहून वाईट, मीठ मातीत राहतं.

"पिवळी-केशरी फुलं आलीत, इतकी सुंदर आहेत, ती तरी ठेवू?"

फोटोत हमखास कॉसमॉस असतो. मूळ मेक्सिकोकडचा, बागेतून निसटलेला, आता पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला ऑक्टोबरात केशरी ताटवे करणारा. कुंडीत किंवा बंदिस्त बंगल्यात ठेवायला माझी हरकत नाही, पण टेकडीला, माळाला, ओढ्याला लागून जागा असेल तर ठेवू नका. त्याचं बी तुमच्या कुंपणात थांबत नाही, आणि पलीकडे जे गवत आणि रानफुलं आहेत त्यांनी त्याला बोलावलेलं नाही. 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतही बहुतेक असलीच बाहेरची फुलं असतात. ती टेकडीवर उधळणारी माणसं मनाने चांगली असतात, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पिवळ्या फुलांत आणखी गोंधळ होतो. घाटमाथ्यावरच्या प्लॉटवर भाद्रपदात सोनकी आली असेल तर ती जपा, ती सह्याद्रीचीच. जमिनीवरून चटईसारखी सरपटणारी, जागोजागी मुळं धरणारी चकचकीत पानांची पिवळी फुलं म्हणजे वेडेलिया, नर्सरीतून आलेली. ती वाफ्याबाहेर गेली की आवरणं कठीण. लांब दांडीवर एकेकटं लहान फूल, मधे पिवळं आणि कडेला फिकट पाकळ्या, ती एकदांडी. तीही अमेरिकेतली, पण इतकी सर्वदूर झाली आहे आणि छोटी फुलपाखरं तिच्यावर इतकी बसतात की तिच्यामागे लागण्यात मी वेळ घालवत नाही. नवं काही लावाल तिथून काढा, बाकी सोडा.

"एकदा आलं होतं, पुन्हा आलंच नाही"

याची कारणं दोन-तीनच. बी पडायच्या आत कापणी झाली, हे पहिलं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात जाड पालापाचोळा घातला. पाचोळ्याचं आच्छादन गाजरगवत रोखायला उत्तम, पण तुंबा, विष्णुक्रांता यांसारखं बारीक बीही त्याखाली गुदमरतं. फुलांच्या पट्ट्यावर पाचोळा पातळ ठेवा, माती जेमतेम झाकेल इतका.

तिसरं कारण कंदांचं. रानहळद, सापकांदा, काळी मुसळी, कळलावी ही कंदातून येतात. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, म्हणून जेसीबीवाल्याला रिकामी जमीन वाटते आणि सपाटीकरणात कंद जातात. पावसाळ्यात जिथे दिसतील तिथे दगड मांडून खूण करा. पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका, पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवर पोसतो.

आणि कास पठारावरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोप, कंद, बी आणून 'आपल्याकडे लावू' हे करू नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, हे झालंच. पण बागकामाच्या दृष्टीनेही ते फुकट जातं. तिथली कित्येक फुलं जांभ्यावरच्या चिमूटभर मातीत, साचून झिरपणाऱ्या पाण्यात वाढतात. तुमच्या खत घातलेल्या काळ्या मातीत ती जगत नाहीत.

लव्हाळा आणि हरळी

यांच्यावर फार शब्द खर्च करत नाही. लव्हाळ्याला मातीत गाठींची माळ असते, ओढला की पात तुटते आणि गाठी राहतात. वाफ्यात असेल तर खुरप्याने खोल खणून गाठी वेचा, पुन्हा फुटेल, पुन्हा वेचा. हरळी वाफ्याबाहेर असेल तर राहू द्या, उतारावरची माती धरून ठेवते. अमरवेलीचे पिवळे दोरे कुठेही दिसले तर ज्या झाडावर आहेत त्या फांदीसकट त्याच दिवशी काढा. तिथे ठेवू की नको हा प्रश्नच नाही.

"सोसायटीवाले म्हणतात साप होतील, डास होतील"

डास साचलेल्या पाण्यात होतात. तेरड्यात होत नाहीत. टायर, फुटक्या कुंड्या, ताडपत्रीची घडी आधी हलवा, मग चेअरमनशी बोला. सापाची भीती मात्र अगदीच चूक नाही, दाट झाडीत उंदीर-बेडूक असतात आणि त्यांच्यामागे साप येतात. म्हणून घराच्या भिंतीपासून दीड-दोन मीटरचा पट्टा आणि सगळ्या पायवाटा कायम आखूड कापलेल्या ठेवा. विटांचे ढीग, लाकडं झाडीत नकोत.

या कापलेल्या पट्ट्याचा दुसरा फायदा असा की मागचं रान मुद्दाम राखलेलं दिसतं. सरळ कापलेली कड आणि आत फुलं, याला लोक बाग म्हणतात. तीच फुलं कडेपर्यंत वेडीवाकडी आली तर 'लक्ष नाही वाटतं यांचं' म्हणतात. एक पाटी लावा, 'रानफुलांसाठी राखीव, बी पडल्यावर कापणी', आणि पाटीवर लिहिलंय तसं खरंच कापा. पाऊस संपून बी सांडलं की नोव्हेंबरमध्ये वीतभर ठेवून सगळं कापून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात वाळलेलं रान एका सिगारेटने पेटतं. मुळं मातीत राहू द्या, माती उघडी पडत नाही.

कळलावी उगवली असेल तर

हिचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. पानाच्या टोकाला गुंडाळणारा ताणा, आधाराने चढणारा वेल, पिवळ्यापासून लाल होत जाणाऱ्या, मागे वळलेल्या पाकळ्या. पावसाळ्यात इतकं देखणं फूल दुसरं दाखवा. पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कोल्चिसीनमुळे, आणि कंद सगळ्यात जास्त. कंद रताळ्यासारखा दिसतो, हीच खरी भीती.

घरात रांगतं-चालतं मूल असेल, माती उकरणारं कुत्रं असेल, किंवा अंगणात शेळ्या-गुरं येत असतील, तर कुंपणाच्या आतली कळलावी काढा. पावसाळ्यात जागा खूण करून ठेवा, पानं वाळल्यावर हातमोजे घालून कंद खणा आणि वस्तीपासून दूर, झाडोऱ्याच्या कडेला पुन्हा पुरा. फेकू नका, स्वयंपाकघरात तर आणूच नका. यांपैकी काही नसेल तर कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला तिला एखादं झुडूप आधाराला द्या आणि गडीमाणसांना एकदा कंद दाखवून काय आहे ते नीट सांगा.